शेतकरी समूहांवरील संवाद : विचारणाऱ्यास सवलत, सांगणाऱ्यास शिस्त

सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक संदेश वेगाने फिरला. शेतात मृतावस्थेत पडलेल्या दोन व्यक्तींची छायाचित्रे, त्यासोबत एका काटेरी अळीचे छायाचित्र आणि ही अळी चावल्यास पाच मिनिटांत मृत्यू ओढवतो असा मजकूर, एवढेच त्यात होते. 'घोणस अळी' हे नाव त्या काही दिवसांत घराघरांत पोहोचले. कपाशीत आणि उसात पाऊल टाकताना माणसे कचरू लागली. पुढे पडताळणी झाली तेव्हा त्या छायाचित्रांतील दोघे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात वीज पडून मृत्यू पावले होते, असे स्पष्ट झाले. त्यांच्या मृत्यूशी अळीचा कोणताही संबंध नव्हता.

अळी मात्र खरी होती. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात त्याच सुमारास काही शेतकऱ्यांना तिचा स्पर्श होऊन रुग्णालयात जावे लागले होते. लिमॅकोडिडी कुळातील पतंगांची ही अळी गोगलगायीप्रमाणे सरपटत चालते. तिच्या अंगावरील काटे पोकळ असतात व त्यांत दाहक द्रव असतो. स्पर्श होताच काटे त्वचेत मोडतात आणि तीव्र वेदना, लालसर चट्टे, काहींना मळमळ असा त्रास होतो. ती चावत नाही. स्पर्श झालेल्या जागी चिकटपट्टी लावून ओढल्यास काटे निघतात, बर्फाने दाह कमी होतो. श्वास घेण्यास त्रास किंवा अंगभर सूज आल्यास मात्र तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते. बांधावरील गवत, एरंडी, आंबा अशा अनेक वनस्पतींवर आढळणारी ही कीड पिकाच्या दृष्टीने दुय्यम आहे.

वरील परिच्छेदातील माहिती कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना नवी नव्हती. ती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत अफवा मात्र जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून गेली होती. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या भावकीतील, गावातील माणूस सावध व्हावा, ही भावनाच त्यामागे होती. सद्भावनेने केलेल्या कृतीतून इतके नुकसान होत असेल, तर समूहावरील लेखनाचे शिष्टाचार हा केवळ सभ्यतेचा विषय राहत नाही. तो पीकसंरक्षणाचाही विषय ठरतो.

पारावरचा शब्द आणि पुढे पाठवलेला शब्द

गावच्या पारावर किंवा चावडीवर कोणी कीड-रोगाविषयी बोलले, तर ऐकणाऱ्यास बोलणाऱ्याची शेती ठाऊक असे. त्याची जमीन कोणती, पाणी किती, मागील वर्षी त्याचे पीक कसे आले, तो अतिशयोक्ती करतो की मोजके बोलतो, हे सर्व जमेस धरून त्याच्या शब्दाचे वजन ठरे. समूहावर आलेल्या संदेशातून नेमकी ही पार्श्वभूमी गळून पडते. लिहिणारा कोण, गाव कोणते, तारीख कोणती, पाहिले की ऐकले, यांपैकी काहीही शिल्लक राहत नाही. संदेशाच्या माथ्यावर दोन बाण आणि 'अनेकदा पुढे पाठवलेला' अशी खूण दिसते, तीही बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

म्हणून शिष्टाचाराचा पहिला नियम अगदी साधा आहे. गळून पडलेली पार्श्वभूमी लिहिणाऱ्याने स्वतः जोडावी. गाव, तालुका, तारीख, आणि 'मी स्वतः पाहिले' अथवा 'अमुक ठिकाणी वाचले' एवढे चार शब्द प्रत्येक संदेशासोबत असावेत. ज्या संदेशाला हे चार शब्द जोडता येत नाहीत, तो पुढे पाठवू नये. मृत किंवा जखमी व्यक्तींची छायाचित्रे तर कोणत्याही कारणासाठी पाठवू नयेत. चाळीसगावच्या त्या कुटुंबाला आपल्या माणसांचा मृत्यू हजारो अनोळखी फोनवर खोट्या मजकुरासह फिरताना पाहावा लागला असेल, याचा विचार ती छायाचित्रे पुढे ढकलताना कोणी केला नाही.

क्रॉपसॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाकडे या दृष्टीने पाहता येईल. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्रात २००९ पासून हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्याचा पाया म्हणजे शेतातील नोंद : कोणते गाव, कोणत्या तारखेस, पिकाची कोणती अवस्था, किती झाडांवर किती किडी. या चार गोष्टींवाचून सल्ला देता येत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे. समूहावरील चर्चेलाही वेगळा न्याय लागू होत नाही.

बीरगावचे काळे पान

स्थळाचे नाव लिहिणे ही औपचारिकता वाटू शकते. बीरगावचे उदाहरण घेतल्यास तिचे महत्त्व ध्यानी येते. रायपूर शहराला लागून असलेल्या या नगराच्या शेजारी उरला आणि पुढे सिलतरा हा औद्योगिक पट्टा पसरला आहे. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ तेथील छपरांवर, अंगणांत आणि आसपासच्या धानाच्या शेतांवर बसते, ही त्या परिसराची जुनी तक्रार आहे.

समजा, त्या परिसरातून एखाद्या समूहावर धानाच्या काळवंडलेल्या पानाचे छायाचित्र आले आणि खाली फक्त 'उपाय सांगा' एवढेच लिहिले असेल. गोंदिया किंवा भंडाऱ्याकडील अनुभवी शेतकरी ते पाहून तपकिरी तुडतुड्यांकडे बोट दाखवील आणि त्याचे चूक म्हणता येणार नाही. तुडतुडे रस शोषताना गोड, चिकट स्राव टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पाने काळी दिसतात. तथापि बीरगावच्या बाजूस तेच काळेपण कारखान्याच्या धुळीचे असू शकते. छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसतात. फरक शेतात कळतो. बांधावरील गवतावर आणि झुडपांवरही सारखाच थर असेल, तर तो धुळीचा असण्याची शक्यता अधिक. पान चिकट लागत असेल, काळेपणा ठिकठिकाणी असेल आणि चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत किडी दिसत असतील, तर ते तुडतुडे. विचारणाऱ्याने 'बीरगाव, कारखान्यापासून जवळ' एवढे लिहिले असते, तर उत्तर देणाऱ्याने किमान एक प्रतिप्रश्न विचारला असता. ते न लिहिल्यामुळे धुळीवर कीटकनाशक फवारले जाऊ शकते, किंवा तुडतुड्यांना धूळ समजून चार दिवस वाया जाऊ शकतात. तुडतुड्यांच्या बाबतीत चार दिवसांत शेतात जळाल्यासारखी गोल चकंदळे पडू शकतात.

दुसरा गोंधळ नावांचा. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. रायपूरमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या राहतात आणि पूर्व विदर्भाचा धानपट्टा छत्तीसगडच्या धानपट्ट्याशी सलग आहे. साहजिकच या दोन्ही बाजूंचे शेतकरी एकाच समूहात आढळू शकतात. तेथे 'माहो' हा शब्द आला की गैरसमजास वाव मिळतो. छत्तीसगडमध्ये 'भूरा माहो' म्हणजे तपकिरी तुडतुडे. हिंदीच्या इतर प्रदेशांत 'माहू' म्हणजे मराठीतील मावा. विदर्भातील 'गादमाशी' छत्तीसगडात 'गंगई' या नावाने ओळखली जाते. 'लष्करी अळी' या एकाच मराठी नावातही दोन वेगळ्या किडी दडल्या आहेत. धानाच्या लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी पूर्व विदर्भाला जुन्या काळापासून परिचित आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी मात्र २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात आढळली. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटाकडील शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख. या खुणा छायाचित्रात आल्या नाहीत, तर नाव घेऊन काही उपयोग होत नाही. म्हणून स्थानिक नाव अवश्य वापरावे. ते आपल्या बोलीचे धन आहे. त्यासोबत पीक, किडीचे वर्णन आणि स्वच्छ छायाचित्र द्यावे, म्हणजे नावाचा घोळ उरत नाही.

विचारणाऱ्यास सवलत

अनेक समूहांचे नियम वाचले, तर त्यांतील बहुतेक प्रश्न विचारणाऱ्यांसाठी असतात. अमुक वेळेत विचारा, अमुक स्वरूपात विचारा, आधी विचारलेले पुन्हा विचारू नका. नियम चुकल्यास सर्वांदेखत कानउघाडणी होते, कधी थट्टाही होते. याचा परिणाम उलटा होतो. जो शेतकरी प्रथमच लिहीत आहे, ज्याला टंकलेखनाची सवय नाही, जी स्त्री शेतीची सर्व कामे करूनही समूहावर कधी बोललेली नाही, अशी माणसे एका टोमण्याने कायमची गप्प होतात. त्यांच्या शेतातील कीड मात्र गप्प बसत नाही. एखाद्या भागात नवी कीड प्रथम दिसते ती बहुधा अशाच एखाद्या शेतात, आणि तेथून आलेला अर्धवट प्रश्नच पहिली सूचना ठरू शकतो.

म्हणून विचारणाऱ्याच्या चुका सोसाव्यात. प्रश्न अपुरा असेल, तर अनुभवी सदस्याने शांतपणे विचारावे : "दादा, रोवणी होऊन किती दिवस झाले? पानाची खालची बाजू दाखवता का? याआधी काय फवारले?" ढालकिड्याच्या अळीचे छायाचित्र टाकून कोणी 'ही नवीन कीड कोणती' असे विचारले, तर हसण्याचे कारण नाही. ती अळी प्रौढ ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही आणि ती मावा खाऊन शेतकऱ्याचेच काम करते, हे सांगण्याची ती उत्तम संधी असते. हसून सोडून दिल्यास तो मित्रकीटकावरच फवारणी करील.

विचारणाऱ्याकडून अपेक्षा दोनच असाव्यात. पहिली, छायाचित्रांविषयीची. एक दूरून संपूर्ण शेताचे, एक झाडाचे आणि एक किडीचे किंवा लक्षणाचे जवळून, शेजारी एखादे नाणे ठेवलेले, म्हणजे आकार कळतो. धानाच्या बाबतीत बुंध्याचे छायाचित्र असल्याशिवाय वरच्या पानांवरून तुडतुडे ओळखणे कठीण असते. दुसरी अपेक्षा अधिक महत्त्वाची आहे आणि ती क्वचितच पूर्ण होते. मिळालेला सल्ला वापरून काय झाले, हे आठ-दहा दिवसांनी त्याच समूहात सांगावे. फायदा झाला, झाला नाही, उपाय केलाच नाही, यांपैकी काहीही असले तरी लिहावे. या एका सवयीमुळे समूहाकडे हंगामागून हंगाम अनुभवाचा संचय होतो. तिच्या अभावी तोच प्रश्न आणि तेच परस्परविरोधी सल्ले दरवर्षी नव्याने येत राहतात.

सांगणाऱ्यास शिस्त

प्रश्न चुकला तर बहुधा वेळ जातो. उत्तर चुकले तर पीक जाऊ शकते, आणि फवारणी करणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते. शिस्तीचा भार त्यामुळे उत्तर देणाऱ्यावर अधिक असला पाहिजे.

धानावर अळी दिसते, असा प्रश्न आला की 'सायपरमेथ्रीन मारा' असे दोन शब्दांचे उत्तर एखाद्या मिनिटात येऊ शकते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांमुळे धानातील कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूण मरतात आणि नंतर तपकिरी तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो, हे दीर्घकाळापासून ज्ञात आहे. अळीवर दिलेल्या उत्तराची किंमत तीन आठवड्यांनी तुडतुड्यांच्या रूपाने मोजावी लागते आणि तोवर ते उत्तर कोणाच्याही स्मरणात नसते.

मात्रेविषयीचा निष्काळजीपणा याहून गंभीर आहे. 'पंपाला तीस मिली' किंवा 'एक झाकण' हे माप अपुरे असते. पाठीवरचा साधा पंप आणि पेट्रोलवर चालणारा पंप यांना एका एकरासाठी लागणारे पाणी भिन्न असते. केवळ 'इमिडा' लिहिणेही पुरेसे नाही. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के द्रवरूपात येते, तसेच ७० टक्के दाणेदार स्वरूपातही येते. दोहोंतील घटकाच्या प्रमाणात जवळपास चौपट तफावत आहे. घटकाचे पूर्ण नाव, टक्केवारी, स्वरूप आणि एकरी मात्रा या चार गोष्टी लिहिता येत नसतील, तर रसायनाचे नाव घेऊच नये.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती. उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव आणि शिफारस नसलेली कीटकनाशकांची मिश्रणे ही त्यांतील काही. दोन-तीन औषधे एकत्र करण्याचे सल्ले समूहांवर आजही सहज दिले जातात. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरावे आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबावे, हे नमूद असते. वेष्टनावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग विषारीपणाची पातळी सांगतो. उत्तर देणाऱ्याने या लेबलाच्या बाहेर जाऊ नये आणि आपला सल्ला कशावर आधारित आहे, हे स्पष्ट लिहावे. 'विद्यापीठाची शिफारस', 'माझ्या शेतातील अनुभव' आणि 'ऐकीव' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना समूहात स्थान असू शकते, परंतु एकीने दुसरीचा वेष घेऊ नये. कृषी सेवा केंद्राचे चालक किंवा कंपनीचे प्रतिनिधी समूहात असतील, तर त्यांनी सल्ला देताना आपला व्यवसाय सांगावा. त्यांच्याकडे उपयुक्त माहिती असते. ती ओळख सांगून दिल्यास तिचे मोल वाढते.

'नक्की सांगता येत नाही' हे वाक्य उत्तर म्हणून स्वीकारले गेले पाहिजे. ते लिहून किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा पत्ता देणारा सदस्य समूहाची मोठी सेवा करतो. त्याचप्रमाणे दिलेले उत्तर चुकले असे लक्षात आल्यास ते गुपचूप पुसून टाकू नये. पुसलेला संदेश तोवर अनेकांनी वाचलेला असतो. त्याच जागी, त्याच धाग्यात 'माझे वरील उत्तर चुकीचे होते, योग्य माहिती अशी' असे लिहावे. दुसऱ्याची चूक दाखवताना मजकुरावर बोलावे, माणसावर बोलू नये.

संशोधकांचे मौन

येथवर सांगितलेले नियम शेतकऱ्यांना लागू आहेत, तसेच संशोधन संस्थांनाही. २०२२ च्या घोणस अळी प्रकरणात खरी माहिती उशिरा पोहोचली, यात शास्त्रीय समुदायाचाही वाटा आहे. समूहात सदस्य असूनही अनेक तज्ज्ञ बोलत नाहीत. चुकीचे उद्धृत होण्याची भीती असते, वरिष्ठांची परवानगी नसते, किंवा हे आपले काम नव्हे अशी धारणा असते. बोललेच, तर उत्तर म्हणून दहा पानांची पीडीएफ टाकली जाते, जिच्यात शेतकऱ्याचा प्रश्न शोधावा लागतो. हाही एक प्रकारचा अशिष्टपणाच आहे. प्रश्न दोन ओळींचा असेल, तर उत्तर पाच ओळींचे, त्याच्याच बोलीतील शब्द वापरून आणि त्याच दिवशी दिले जावे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीत छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. तंत्र उपयुक्त आहे. परंतु बीरगावच्या काळ्या पानासारख्या प्रसंगी 'बांधावरचे गवतही काळे आहे का?' हा प्रश्न विचारणारा माणूस लागतोच.

या साऱ्यावर एक आक्षेप रास्त आहे. इतके नियम केल्यास समूहातील आपलेपणा जाईल, लोक लिहिणेच सोडतील. म्हणूनच नियम थोडे असावेत आणि त्यांचा भार असमान असावा, अशी ही भूमिका आहे. विचारणाऱ्याने कसेही विचारावे, समूहाने त्याला नीट विचारण्यास मदत करावी. रसायनाचे नाव लिहिणाऱ्याने मात्र पूर्ण लिहावे, आधार सांगावा आणि जबाबदारी घ्यावी. पुढे पाठवणाऱ्याने गाव, तारीख आणि स्रोत जोडावा, अन्यथा थांबावे. शुभ सकाळच्या चित्रांविषयी फारसे कडक होण्याची गरज नाही. फवारणीच्या ऐन दिवसांत मात्र त्यांच्या गर्दीत एखादा महत्त्वाचा प्रश्न हरवू नये, एवढे ॲडमिनने पाहावे.

खरीप हंगामाच्या प्रारंभी प्रत्येक समूहाच्या ॲडमिनने पाच-सहा ओळींचा असा मजकूर सदस्यांशी चर्चा करून ठरवावा आणि समूहाच्या माथ्यावर लावावा. कृषी विज्ञान केंद्रांनी आणि संशोधन संस्थांनी आपल्या परिसरातील समूहांसाठी एक तज्ज्ञ नेमून द्यावा, ज्याचे नाव व उत्तर देण्याची वेळ सर्वांना ठाऊक असेल. घोणस अळी बांधावर पुढेही दिसत राहील, कारण ती निसर्गातील जुनीच रहिवासी आहे. पुढच्या वेळी तिचे छायाचित्र समूहावर आले, तर त्याखाली गावाचे नाव, तारीख आणि चिकटपट्टीचा उपाय लिहिलेला असावा.